उमेदवारीची गोष्ट

मूर्तिजापूर जंक्शन असल्यानं आपल्याला गाड्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती बातमीची. मुंबई-पुण्यात जागा निघाली तरी आपल्याला कळेपर्यंत ती भरलेली असायची.

१९५९ च्या कायद्यानं २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. म्हणून तर अकोल्याला जाऊन ‘एम्प्लॉयमेंट’चं कार्ड काढायची आपल्याकडे रीत होती. १९७६ पासून ‘रोजगार समाचार’ही निघू लागला.

काम करत शिकण्याला मराठीत जुना शब्द आहे, उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं तिला विद्यावेतन मिळवून दिलं. १९७३ च्या दुरुस्तीनं इंजिनियरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. २०१४ मध्ये इतर शाखांनाही दार उघडलं, आणि २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये ठरले.

आजची कॉलेजातली इंटर्नशिप मात्र बहुतेक या कायद्याबाहेर आहे. माझी भाची परवा फोनवर विचारत होती, “मावशी, इंटर्नशिपसाठी पैसे भरा म्हणतात, भरू काय?” मी म्हटलं, “नको बाई. काम तू करणार, मग पैसे त्यांनी द्यायचे.”

आपल्यातले कितीतरी जण आज मुलाखती घेणाऱ्या खुर्चीत आहेत. आपल्या कंपनीत शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघाल्या की बॅचच्या ग्रुपवर टाका, आणि सर-मॅडमनाही कळवा. गावातल्या पोरांपर्यंत बातमी वेळेवर पोचली पाहिजे.