घाणा, शनिवार आणि ग्रंथ

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील माणसापुढे 'खंडाळा' हे नाव उच्चारले, की त्याची नजर आपोआप बोरघाटाकडे वळते. परंतु याच जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूस, आणखी एक खंडाळे आहे. तेथील एका खडकावरील खुणा प्रेषित एलियाहूच्या रथाच्या आहेत, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा असून नवस फेडण्यासाठी ही मंडळी तेथे जातात. १९८१ पर्यंत 'कुलाबा' म्हणवणाऱ्या या जिल्ह्याच्या एका अंगास घाट आहे, तर दुसऱ्या अंगास ही कथा. या दोहोंच्या मध्ये, मराठी बोलणाऱ्या एका ज्यू समाजाचे धर्मशास्त्राशी असलेले विलक्षण नाते दडलेले आहे. त्याचाच थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. पेणकर, रोहेकर, किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर या आडनावांतून त्यांच्या वस्तीचा नकाशाच उभा राहतो. व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही एका जातीची रीत होती. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ती फार खोलवरची गोष्ट आहे. तोराहच्या आज्ञेनुसार शब्बाथ दिवशी केवळ माणसाने नव्हे, तर त्याच्या जनावरानेही विसावा घ्यावयाचा असतो. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नामध्ये निषिद्ध कामांचे ३९ मूळ प्रकार नोंदले गेले. त्यांपैकी 'मळणी' या प्रकाराच्या पोटात पिळून रस किंवा तेल काढणे येते, असे रब्बींनी ठरविले. घाण्याचा बैल सोडून ठेवणाऱ्या कुलाब्यातील तेल्याला हा ऊहापोह ठाऊक नव्हता. ग्रंथ हाती नसताना ग्रंथाचा निष्कर्ष त्याच्या अंगवळणी पडलेला होता.

हा ग्रंथ म्हणजे नेमके काय, हे आपल्या परिभाषेत समजून घेणे कठीण नाही. लिखित तोराह ही श्रुतीच्या जागी धरली, तर मिश्ना आणि त्यावरील चर्चेने साकारलेला तालमूद हे स्मृती आणि निबंधग्रंथ यांच्या जागी येतात. साम्य पानाच्या रचनेतही आहे. आपल्याकडील त्रिपाठी पोथीत मधोमध मूळ संहिता व वर-खाली टीका असते. सोळाव्या शतकात व्हेनिस येथे छापलेल्या तालमूदाच्या पानावरही मूळ मध्ये आणि भाष्ये भोवती असतात. भेद एवढाच, की तालमूद निर्णयाइतकाच मतभेदही जपून ठेवतो. पराभूत पक्षाचे म्हणणे तेथे पुसले जात नाही. व्यवहारापुरता निर्णय हवा असेल त्याच्यासाठी पुढे १५६५ मध्ये 'शुल्हान आरुख' छापला गेला. आपल्या 'धर्मसिंधू'चे जे प्रयोजन, तेच जवळजवळ त्याचे.

या समग्र परंपरेपासून बेने इस्राएल दूर राहिले होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीजने एका पत्रात हिंदुस्थानातील ज्यूंविषयी लिहिले, की शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता यांपलीकडे त्यांना धर्माचे ज्ञान नाही. हा उल्लेख बेने इस्राएलांचाच असावा, असे काही अभ्यासक मानतात. समाजाच्या आठवणीत टिकून होती ती 'शमा' ही प्रार्थना. सण होते, पण त्यांची नावे कोकणी मातीची : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस बिरड्याच्या नावाने ओळखला जावा, यात आम्हाला विस्मरण दिसते आणि तितकीच चिवट स्मृतीही दिसते. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा आचार्य आला. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले, अशी कथा आहे. या खुणेवरून त्याने त्यांना ओळखले व तिघांना शिकवून काजी नेमले, असे परंपरा सांगते. येथे परीक्षा ग्रंथाची नव्हती. ती स्वयंपाकघराची होती.

ग्रंथ आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही मराठीतून. मुंबईत १७९६ मध्ये सामुएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. त्याचा हेतू धर्मांतराचा असला, तरी विद्यार्थ्यांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह वल्हांडणाची हागादा निघाली. १८७४ च्या पुण्यातील सचित्र हागादेत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये. अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने कीर्तनाच्या चालीवर रंगू लागली.

इकडे किनाऱ्यावरून घाटाकडे माणसे सरकत होती. अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये आणि घाटमाथ्यापलीकडे पुण्यास १८६७ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. कर्जत व खालापूर हा या दोन टोकांमधला वाटेवरचा प्रदेश. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांचा गण लागतो आणि शब्बाथ दिवशी वस्तीबाहेर दोन हजार हातांपलीकडे जाता येत नाही. रेल्वेच्या किंवा सरकारी नोकरीनिमित्त आडगावी राहणाऱ्या कुटुंबाला हे दोन नियम एकत्र पाळणे किती अवघड जाई, याची कल्पना नकाशा पाहूनही येते. धर्मशास्त्र हे असे अंतरांचेही शास्त्र असते.

याच शास्त्राने विसाव्या शतकात त्यांची कठोर परीक्षा घेतली. इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या या मंडळींच्या विवाहांविषयी तेथील रब्बींनी शंका काढली. या समाजात घटस्फोटाचे विधिवत पत्र, 'गेट', देण्याची परंपरा नव्हती. मग पूर्वजांत कोणी घटस्फोटित स्त्री गेटवाचून पुनर्विवाहित झाली असल्यास तिची संतती विवाहास अपात्र ठरते, असा हा युक्तिवाद. १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने तत्त्वतः विवाहास हरकत नसल्याचे म्हटले. पण १९६२ च्या सूचनांनुसार त्यांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी होऊ लागली. समाज रस्त्यावर उतरला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बीमंडळाला सूचनांतून त्यांचे नाव काढावे लागले. बचावाचा एक मुद्दा असा होता, की या समाजात घटस्फोटच जवळजवळ होत नसत. म्हणजे ज्या कोकणी रीतीमुळे ते परके भासले, तीच त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास उभी राहिली.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी एका गोष्टीपाशी अडतो. ग्रंथ नसताना आचार टिकला, आणि ग्रंथ आल्यावर त्याच ग्रंथाच्या कसोटीवर आचाराला आरोपी व्हावे लागले. मौखिक आणि लिखित परंपरांविषयी आपण वर्गात जे बोलतो, ते येथे माणसांच्या विवाहापर्यंत येऊन पोहोचते. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ला मराठी वाङ्मयेतिहासात स्थान मिळाले. या हागादा, ही प्रार्थनाभाषांतरे आणि ही कीर्तने मराठीच आहेत. हिब्रू संज्ञांना प्रतिशब्द शोधताना राजपूरकरांच्या पिढीने जे भाषिक श्रम केले, तेही मराठीचेच संचित आहे. तालमूद पराभूत मतही जपतो, हे वर आले. आपल्या इतिहासलेखनाने निदान एवढे तरी त्याच्यापासून घ्यावे.