मांडवा ते सियाचेन

अलिबागकडच्या माणसाला मांडवा म्हटलं की जेट्टी आठवते. भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी घालायची, वर डेकवर वडापाव खायचा आणि तासाभरात मांडव्याला उतरायचं. त्यामुळे ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश साबळेने रौप्यपदक जिंकलं आणि बातम्यांत 'गाव मांडवा' असं झळकलं, तेव्हा ऑफिसात दोघातिघांनी येऊन माझंच अभिनंदन केलं. मी ते घेतलंही. फुकटचं कोण सोडतो?

तर मंडळी, हा मांडवा आमचा नव्हे. अविनाशचा मांडवा बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. समुद्र सोडा, तिथे पिण्याच्या पाण्याचीच बोंब. आईवडील थोडी शेती आणि वीटभट्टीवर मजुरी करणारे. शाळा सहा किलोमीटरवर. कधी चालत, कधी पळत. बारावी झाल्यावर घरची गरज म्हणून हा मुलगा सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. ऑलिंपिकबिलिंपिक डोक्यात नव्हतं, नोकरी हवी होती.

आता मूळ मुद्दा. दर डिसेंबरात, म्हणजे मुंबई मॅरेथॉन महिन्यावर आली की, आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. सियाचेनच्या उणे पन्नास अंशांत पळून पळून साबळे घडला आणि तुम्हाला पहाटे पाचला पांघरुणातून निघवत नाही! खाली बर्फाचा फोटो. मग सगळे अंगठे दाखवतात आणि परत झोपतात.

फॉरवर्डवर चिडण्यात अर्थ नसतो हे कळतं. पण इतिहासाची आवड असली की एक खोड लागते, तारखा लावून बघायची. लावून बघूच.

अविनाश सियाचेनला होता २०१३-१४ मध्ये. त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीमला. आणि स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो २०१५ मध्ये, सैन्याच्या अंतर्गत क्रॉस कंट्रीत, तेही सोबतच्या जवानांनी आग्रह केला म्हणून. म्हणजे सियाचेनला असताना तो धावपटू नव्हताच. विशीतला एक शिपाई होता, आणि तिथे त्याला पळायला नव्हे, पहारा द्यायला पाठवलं होतं.

आणि पळणार तरी कसं? सियाचेनवरच्या काही चौक्या वीस हजार फुटांच्याही वर आहेत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्मा. वर जातानाच जवानांना टप्प्याटप्प्याने थांबवून शरीराला सवय करावी लागते, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं. तिथे महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाची भूक मरते, वजन उतरतं, स्नायू झिजतात. व्यायामशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर हे ट्रेनिंगच्या बरोबर उलटं आहे. जगभरचे धावपटू उंचीवर सराव करतात हे खरं, पण ती उंची दोन-अडीच हजार मीटरची. साबळेही पुढे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला सरावाला गेला, ते गाव साधारण सहा हजार फुटांवर. सहा हजार आणि वीस हजार यांतला फरक कळायला इंजिनियर असायची गरज नाही.

सियाचेनवर १९८४ पासून आपलं सैन्य आहे, आणि तिथे गोळीपेक्षा हवामानाने जास्त माणसं नेली. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला. दहा जवान गाडले गेले. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले म्हणून सगळ्या देशाने देव पाण्यात ठेवले होते, आठवत असेल. तेही वाचले नाहीत. त्या दहांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे, मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. माण म्हणजे ललिता बाबरचा तालुका. तीच ललिता, जी मुंबई मॅरेथॉनमध्ये सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली. एकाच दुष्काळी तालुक्यातून एकाच वर्षी एक मुलगी रिओत आणि एक मुलगा बर्फाखाली. हे कळल्यापासून त्या फॉरवर्डला अंगठा दाखवायला माझा हात उचलत नाही.

मग साबळे घडला कुठे? उत्तर कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं नाही. सैन्याच्या क्रॉस कंट्री संघात त्याला सराव मिळाला, जेवण मिळालं आणि पळण्यासाठी वेळ मिळाला. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, ते त्याने उतरवलं. २०१७ मध्ये सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला बघितलं आणि स्टीपलचेसकडे वळवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तीन हजार मीटरची शर्यत, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे. पुरुषांचा अडथळा तीन फुटांचा, आणि तो हर्डलसारखा धडकल्यावर पडत नाही. तुम्हीच पडता.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ देऊन गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं कोणाला हात लावता आला नव्हता, आणि याला हा प्रकार शिकून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं! मग तो स्वतःचाच विक्रम मोडत सुटला. बर्मिंगहॅमला ८:११.२०. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवॉट त्याच्या फक्त पाच शतांश सेकंद पुढे. १९९८ पासून राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच घेऊन जात होतं. सहा स्पर्धा, अठरा पदकं. त्यात आष्टी तालुका घुसला. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. म्हणजे २०१७ ते २०२४, सात वर्षांचं काम. त्याआधीचं सियाचेन हे त्याच्या धैर्याचं खातं असेल, मला मान्य आहे. पण आठ मिनिटांच्या आत-बाहेरचं गणित या सात वर्षांत सुटलेलं आहे.

थंडीचा हा गैरसमज जुना आहे, आणि उलट्या बाजूनेही चालतो. 'आपल्या लोकांना तिकडची थंडी सोसत नाही, म्हणून आपण मागे' हे वाक्य मी लहानपणी घरीदारी ऐकलंय. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीत सापडतं.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने बघायला अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा होते. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून पळवत होते, मैदान म्हणजे खडबडीत गवताचा तुकडा. पण लांब पल्ल्याला पळणारी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी, खडीच्या रस्त्यावरून, ज्या वेगाने पळत होती तो बघून इंग्लंडात शिकलेले दोराबजी चक्रावले. हा वेग युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळचा होता. त्यांनी मनावर घेतलं, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, खिशात हात घातला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे सहा खेळाडू गेले. त्यांत पळणाऱ्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीत नवले आणि रणधीर शिंदे (शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात गेलं). जूनमध्ये बोटीने निघाले, इंग्लंडात काही आठवडे सराव केला. आणि 'शंभर मीटरला पात्रतेची वेळ किती असते?' यावर जिमखान्याच्या एका सभासदाने 'असेल एक-दोन मिनिटं' असं उत्तर दिल्याची गोष्ट सांगतात. आपल्या तयारीची पातळी यावरून ओळखा.

मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० ला. थंड, पावसाळी हवा. अंतर नेहमीच्या ४२.१९५ ऐवजी ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

मी कॅलक्युलेटर काढला. किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी. आजच्या अंतरावर उतरवलं तर दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास. आजही ही वेळ देणारा माणूस आमच्या ग्रुपमध्ये देव मानला जाईल, त्याच्याकडे जेल असेल, घड्याळ असेल, कार्बन प्लेटचे बूट असतील. चौगुल्यांकडे काय होतं? त्यांनी हे केलं ते डेक्कनच्या उन्हातून उठून, परक्या गावात, गार पावसात. थंडीने मारलं असतं तर ते अर्ध्यावर बसले असते.

खरं तर तसली हवा मॅरेथॉनला उत्तमच. पळताना शरीर जी ऊर्जा जाळतं तिच्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसती उष्णता होऊन जाते, ती बाहेर टाकायला दहा अंशांच्या जवळपासची हवा सगळ्यात सोयीची.

पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २:३२:३५.८ वेळेत. बर्फाच्या देशातला म्हणून जिंकला म्हणावं, तर हा मधली वर्षं अमेरिकेत राहून गवंडीकाम करत होता. फरक थंडीचा नव्हता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली होती, म्हणजे त्याच्या गाठीला आठ-दहा वर्षांचं शिस्तीतलं पळणं होतं. आपल्या लोकांच्या गाठीला जिमखान्याचे सामने आणि काही आठवडे. त्या फरकाची किंमत अठरा मिनिटं. मला तर ती स्वस्त वाटते.

बीडचा साबळे वीटभट्टीवरच्या घरातला आणि कोलेहमाइनेन विटा रचणारा, हा निव्वळ योगायोग. पण आवडला म्हणून सांगितला :)

आता आमच्या किनाऱ्यावरचा हिवाळा. सुट्टीत घरी गेलो की मी वरसोलीपासून थळच्या बाजूला पळतो. ओहोटी बघून जायचं, म्हणजे वाळू घट्ट मिळते. डिसेंबरअखेर पहाटे मोबाईल सतरा-अठरा अंश दाखवतो, आई स्वेटर घाल म्हणून मागे लागते, आणि पाचव्या किलोमीटरला बनियन पिळून घ्यावा लागतो. कारण दमटपणा. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. नुसता गळणारा घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी. आमच्याकडे थंडी म्हणजे पोपटीचा सीझन. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, शेतातला जाळ. त्याला 'कडाक्याची' म्हणणं जरा धाडसाचंच.

त्यामुळे वर्षाअखेर डायरीतले आकडे मांडताना मी किनाऱ्यावरच्या आणि पुण्यातल्या वेळा वेगवेगळ्या लिहितो. त्याच दमाला पुण्यात किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद कमी लागतात. मोठ्या लोकांचंही हेच. २०२३ च्या जानेवारीत हायले लेमीने मुंबई मॅरेथॉन २:०७:३२ मध्ये जिंकली, तो स्पर्धेचा विक्रम ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोच्या गार हवेत केल्विन किप्टम २:००:३५ पळाला. माणसं वेगळी, रस्ते वेगळे, आपल्याकडे पेडर रोडचा चढ आहेच, पण सात मिनिटांतला चांगला वाटा हवेचा.

साबळेलाही थंडीने एकदा सरळ हात दिला. २९ नोव्हेंबर २०२०, दिल्ली हाफ मॅरेथॉन. कोविडमुळे सगळ्या स्पर्धा बंद होत्या. दिल्लीच्या गार सकाळी तो १ तास ३० सेकंदांत एकवीस किलोमीटर पळाला, किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. राष्ट्रीय विक्रम, तोही त्याच्या मुख्य प्रकारात नसताना. थंडीचा खरा उपयोग असा असतो. आधी कमावलेलं ती बाहेर येऊ देते.

११ जुलै २०२५ ला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे गुडघा पूर्ण सरळ करणं आणि थोडा थोडा वाकवणं हाच व्यायाम असतो, मग चालणं, मग मांडीची ताकद परत आणणं, आणि पळणं बऱ्याच महिन्यांनी. २०२५ च्या डिसेंबरात फॉरवर्ड नेहमीसारखा आला. फोटो बर्फाचाच होता.