प्रमाणन, सेंद्रिय कापसाचे
वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज परिसरासारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात एखाद्या लहान जिनिंग कारखान्यास आपला माल भूमी व श्रमिक या उभयतांच्या हिताचा असल्याचे सिद्ध करावयाचे झाल्यास, त्याचा आरंभ शेतापासून होतो. कारण राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमान्वये वार्षिक पिकांच्या जमिनीस सामान्यतः 2 वर्षांचा रूपांतरकाल पाळावा लागतो. जिनिंगपासून पुढे ‘गॉट्स’ हे जागतिक वस्त्रमानक लागू होते व ते किमान 70 टक्के सेंद्रिय तंतूंबरोबरच बालमजुरी व वेठबिगारी यांच्या निषेधाचाही आग्रह धरते, हे विशेष स्तुत्य होय. सेंद्रिय कापसाची गंजी निराळी, दप्तर निराळे, आणि यंत्र झाडून घेतल्यावाचून त्यात हा माल घालावयाचा नाही, ही शिस्त तपासनीस बारकाईने ताडून पाहतो. जनुकपरिवर्तित बियाणे निषिद्ध असल्याने बिगर-बीटी सरकीचे दुर्भिक्ष मात्र शेतकऱ्यास फार जाचते.