दौंडला गाडी चुकली तेव्हा

आम्ही न्हावऱ्याच्या बायका बोलतोय. आज सांगायचं आहे ते दौंड जंक्शनबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय? स्टेशन ते स्टेशन. एका गाडीतून उतरायचं, दुसरीत चढायचं, मधे पिशव्या मोजायच्या आणि पोरांना सांभाळायचं. आम्हीही इतकी वर्षं हेच केलं. दौंड आम्ही शंभर वेळा पाहिलं, पण प्लॅटफॉर्मवरूनच.

यंदा गटातल्या नऊ जणी शिर्डीला निघालो. शिरूर-नगरवरून एसटीने गेलो असतो तर सरळ पडलं असतं, पण दोघींना रेल्वेनेच जायची हौस. मग पारगावला भीमेचा पूल ओलांडून केडगाव गाठलं आणि तिथून दौंडची गाडी धरली. पुढे दौंडला मनमाडकडची गाडी पकडायची, असा बेत होता. प्लॅटफॉर्मवर तासभर बसल्यावर कळलं, आमची गाडी दौंड जंक्शनात येतच नाही. ती कॉर्ड लाइनवरून जाते. ते स्टेशन वेगळं आहे, गावाबाहेर. चूक आमचीच, आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून थोडं समजून घ्या. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी पूर्वी दौंड जंक्शनात यायची आणि तिथं तिचं तोंड फिरवावं लागायचं. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे. तोवर बाप्ये चहाला खाली उतरायचे आणि बायका जागा धरून बसायच्या. अलीकडे एक जोडरेघ टाकली. तिच्यामुळे गाडी जंक्शनात न शिरता परस्पर वळते. वेळ वाचला हे खरं, पण त्यामुळे दौंड नावाची दोन स्टेशनं झाली. तिकीट काढतानाच विचारा, गाडी जंक्शनला थांबते की कॉर्ड लाइनला. नाहीतर आमच्यासारखं होईल.

पुढची गाडी बऱ्याच वेळाने होती. चिडचिड झाली, एकमेकींवर आवाजही चढला. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आजी मात्र डबा सोडून शांतपणे भाकरी खात होत्या. खाता खाता त्या म्हणाल्या, "ही मनमाडची रेघ दुष्काळात टाकली म्हणं. माझी आजेसासू सांगायची, तिच्या सासरची माणसं मातीकामाला होती."

आम्ही गप्प झालो. घरी आल्यावर मुलींना पुस्तकं धुंडाळायला लावली, माहीतगारांना विचारलं. आजींचं म्हणणं खरं निघालं.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी 1853 साली धावली. पुण्याहून दौंडपर्यंत रूळ आले 1858 साली. गंमत बघा, तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग झालेलाच नव्हता. मुंबईची गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत यायची. तिथून माणसं पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला चढायची आणि वर पुन्हा गाडीत बसायची. म्हणजे दौंडला गाडी आली तेव्हा ती मुंबईला जोडलेलीही नव्हती. घाट पुरा झाला 1863 साली. त्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतला होता. तो हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेऊन काम तडीस नेलं. अर्थात ती मालकीण. घाटात हजारो मजूर खपले, त्यांची नावं कोण सांगणार?

दौंडचे रूळ पुढे सोलापूरवरून रायचूरला गेले आणि 1871 साली मद्रासच्या रेल्वेला भिडले. इंग्रज आपल्या दौंडला 'धोंड' म्हणायचे. पण अजून ते जंक्शन नव्हतं. इथल्या माणसाला मनमाडला रेल्वेने जायचं तर आधी पुणे, मग बोरघाट उतरून कल्याण, मग कसाऱ्याचा घाट चढून नाशिकवरून मनमाड. केवढा वळसा! दौंड ते मनमाड सरळ रेघ टाकली की दक्षिणेची आणि उत्तरेची गाडी दोन्ही घाट टाळून एकमेकींना मिळते. कागदावर हे सोपं होतं. पण माती कोण वाहणार?

ते उत्तर दुष्काळाने दिलं. 1876 साली पाऊस दगा देऊन गेला. शिरूर, इंदापूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, म्हणजे पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा, होरपळला. नगर, सोलापूरची तीच गत. (भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. इथली तट्टं मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली. आज आपले गट पुण्याच्या भीमथडी जत्रेत पापड-लोणची घेऊन जातात, ते नाव इथलंच.) सरकारने दुष्काळी कामं काढली, त्यांत दौंड-मनमाड रेल्वेचा भराव होता. दौंडजवळ भीमेवर पूल झाला आणि 1878 साली ती रेघ सुरू झाली.

त्या कामांवर बायका आणि पोरं मोठ्या संख्येने होती. सुरुवातीचा रोज काय होता, ऐका. पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, कामाच्या पोराला एक आणा. पाटी तीच, ऊन तेच, आणि अर्धा आणा कमी कशाचा? बाईची भूक कमी म्हणून? आम्ही हे वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, "खुरपायला अजून तसंच आहे की." हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

पुढे 1877 च्या सुरुवातीला कलकत्त्याच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला धाडलं. खर्च फार होतोय असं त्यांचं म्हणणं. मग मजुरी आणखी उतरवली. माणशी एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, ते वरचे पैसेही बाईला पुरुषापेक्षा कमीच. पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाचं त्यावर कसं भागायचं? मजुरांनी कामं सोडली, सामोपचाराने संपच केला म्हणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळीने, गावोगावची हकीगत गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज केले. त्याच साली एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहून दुष्काळाचे हाल कळवले. ओतूर काही आपल्यापासून फार लांब नाही. आपल्याच जिल्ह्यात एक बाई हे डोळ्यांनी बघत होती आणि लिहून ठेवत होती, हे आम्हाला शाळेत असताना कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या आजींना मात्र हे सगळं नवं वाटलं नाही. 1972 च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. खडी फोडली, पाझर तलावाची माती टाकली, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. "भाकर तव्यावर फुटायची, पण पोटात जायची," एवढंच त्या सांगतात. त्याच दुष्काळात रोजगार हमीने मूळ धरलं आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिथं बाईला आणि बाप्याला एका कामाचा एकच दर. दौंडच्या भरावापासून इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली.

आता त्या दिवसाकडे येऊ. शिर्डी राहिली ती राहिलीच. नऊ जणींनी पैसे काढून जीप ठरवली आणि सिद्धटेकला गेलो. उजव्या सोंडेचा गणपती, अष्टविनायकांतला. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. भीमा दौंड तालुका आणि कर्जत तालुका यांच्यामधून वाहते. पूर्वी शिरापूरच्या बाजूने नावेत बसून पलीकडे जावं लागायचं, आता पूल आहे. आजींना नाव आठवत होती. पूल त्यांना फारसा आवडला नाही, असं दिसलं.

पेडगावचा किल्ला मात्र राहिला. तोही भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात. मोगल सरदार बहादूरखानाच्या नावाने बहादूरगड म्हणायचे. 1689 साली संभाजी महाराजांना कैद करून तिथं आणलं होतं. आपल्या शिरूर तालुक्यातल्या वढूला समाधीवर आपण जातो, पण पेडगाव त्याच वाटेवरचं आधीचं ठिकाण आहे, हे लक्षात येत नाही. आत लक्ष्मीनारायणाचं जुनं कोरीव देऊळ आहे. पुढच्या खेपेला दौंडला पहाटेची गाडी धरून आधी तिकडेच जायचं ठरवलंय.

परतताना केडगावला उतरलो. इथं नेहमी रिक्षासाठी पळापळ असते, त्या दिवशी आम्ही जरा थांबलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे. रमाबाईंचा जन्म 1858 चा, दौंडला गाडी आली त्याच सालचा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. रेल्वेजवळची जागा होती म्हणून इतक्या लांबून इतक्या जणींना आणणं जमलं. तिथं त्या विणकाम, शिवण, गोठ्याचं काम शिकल्या. छापखानाही बायका चालवायच्या, खिळे जुळवण्यापासून. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला म्हणून तेव्हा पुष्कळ वाद झाले, आजही होतात. ते बाजूला ठेवूनही, शंभर वर्षांपूर्वी केडगावात बायका पुस्तकं छापत होत्या, ही गोष्ट आपल्या गटाच्या बैठकीत सांगण्यासारखी आहे. 1922 साली रमाबाई केडगावातच वारल्या.

आजच्या पोरी याच रेघेवरून पुण्याला कॉलेजला, नोकरीला, दवाखान्याला जातात. 2017 साली पुणे-दौंड डेमू सुरू झाली, तेव्हापासून जरा सोय झाली. पहाटे स्वयंपाक उरकून स्टेशन गाठायचं, रात्री येऊन पुन्हा चुलीपाशी. बायकांचा डबा भरलेला असला तरी तिथं पोरी अभ्यास करतात, कुणी मेथी निवडते, आणि जागेवरून भांडणंही होतात.

आजींनी एक गोष्ट शेवटी सांगितली, ती केडगावच्या बाकावर. आजेसासूच्या सासूला त्या भरावावर असताना मूल झालं होतं, झाडाखाली. जगलं की नाही, ते कुणाला आठवत नाही. आजींचं हे सगळं बोलणं आम्ही मोबाइलवर भरून घेतलंय. तुमच्या घरी बहात्तरची कुणी असेल तर तिचंही घ्या, आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या बुधवारी त्यांतलं थोडं तुम्हाला ऐकवू.