‘लोकप्रिय’ या शब्दातील ‘लोक’ : नाथमाधव आणि डहाणू-तलासरीचे रान

द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव (१८८२–१९२८) यांची बोळवण मराठी समीक्षेने बहुधा ‘लोकप्रिय कादंबरीकार’ या बिरुदावर केली. या बिरुदातील ‘लोक’ कोणते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने कळीचा आहे.

तोफांच्या कारखान्यात नोकरीस असलेले पितळे तरुणपणी सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली कायमचे अधू झाले. आजारपणातील वाचनाने त्यांना लेखनाकडे वळविले. ‘प्रेमवेडा’ (१९०८) पासून दोन दशकांत त्यांनी अद्भुतरम्य ‘वीरधवल’, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी त्रिखंडी ‘डॉक्टर’ आणि शिवकालावरील ‘स्वराज्य’माला असे विपुल लेखन केले. रंजन आणि प्रबोधन ही समीक्षेची आवडती विभागणी येथे अपुरी पडते. ‘वीरधवल’मध्ये वाचकाला खिळवून ठेवणारी उत्कंठाच पुढे सुधारणेचा व स्वराज्याचा विचार त्याच्यापर्यंत पोहोचविते. नवसाक्षर मध्यमवर्गाला कादंबरीवाचनाची सवय लावण्यात या लेखनाचा वाटा मोठा आहे.

परंतु या वाचकवर्गाची सीमा मुंबईपासून फार दूर नव्हती. रेल्वेने जोडलेल्या डहाणूत छापील पुस्तक पोहोचू शकत होते. स्टेशनामागच्या रानात तलासरीपर्यंत पसरलेल्या वारली पाड्यांना मात्र अक्षरच परके होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ होऊन राबणारा, जमीनदाराची वेठ करणारा वारली ‘लोकप्रिय’मधील लोकांत मोडत नव्हता. मे १९४५ मध्ये झरी येथील मेळाव्यात त्याने वेठ नाकारली. त्या लढ्याचे निवेदन गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये केले. या ग्रंथाने वारल्याला मराठी वाङ्मयात आणले. पण तेथेही निवेदन सहभागी कार्यकर्तीचे, म्हणजे शिक्षित मध्यमवर्गाचेच आहे.

म्हणून पाड्यावर कथाच नव्हती असे म्हणता येत नाही. घांगळीच्या साथीने भगताने रात्रभर गायिलेली कणसरीची कथा आणि लग्नाचा चौक लिहिताना धवलेरीने म्हटलेली गाणी यांना पाड्यापाड्यांत श्रोते होते. त्यांनाही आपला नायक होता, आपली उत्कंठा होती. छापील प्रतींच्या खपावर लोकप्रियता मोजणाऱ्या इतिहासात या श्रोत्यांची गणना होत नाही. नाथमाधवांचे श्रेय त्यामुळे उणावत नाही. त्यांनी घडविलेला समाज एका विशिष्ट वर्गाचा वाचकसमाज होता, एवढेच स्पष्ट होते. त्या वर्गाला सरसकट ‘लोक’ म्हणण्याची सवय मात्र समीक्षेची आहे, आणि ती सोडल्याखेरीज लोकप्रिय वाङ्मयाचा इतिहास पूर्ण होणार नाही.