आझाद हिंद फौज: नावांच्या यादीपलीकडचा इतिहास

दरवर्षी २३ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की आपल्या मोबाईलवर एक यादी फिरायला लागते. आझाद हिंद फौजेत कोण कोण मुसलमान होते, त्यांची नावं. यादीतली काही नावं खरी असतात, काहींचे हुद्दे चुकलेले असतात, काहींच्या फोटोखाली दुसऱ्याच कुणाचं नाव असतं. यादी पुढे पाठवली की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. पण फौज कशी उभी राहिली, कशी लढली, तिच्या सैनिकांचं नंतर काय झालं, हे त्या यादीत नसतं. म्हणून या लेखात आम्ही तो इतिहास सुरुवातीपासून मांडत आहोत.

सिंगापूर, फेब्रुवारी १९४२

दुसऱ्या महायुद्धात जपानने डिसेंबर १९४१ मध्ये मलायावर हल्ला केला. ब्रिटिशांची फौज मागे हटत हटत सिंगापूरला पोहोचली आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी तिने शरणागती पत्करली. तिच्यात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. १७ फेब्रुवारीला त्यांना फॅरर पार्क मैदानात गोळा करण्यात आलं. सुमारे ४५ हजार सैनिक तिथे होते. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या ताब्यात दिलं आणि फुजिवारांनी कॅप्टन मोहनसिंग यांच्या.

मोहनसिंग हे १४ व्या पंजाब रेजिमेंटचे अधिकारी. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी हिंदी युद्धकैद्यांची फौज उभारायची, असं त्यांनी ठरवलं. १ सप्टेंबर १९४२ रोजी ही पहिली फौज रीतसर उभी राहिली. पण ती फार टिकली नाही. जपान आपल्याला बरोबरीने वागवतो आहे की वापरून घेतो आहे, हा प्रश्न मोहनसिंगांना पडला. जपान्यांकडून ठोस आश्वासन मिळेना. वाद वाढला आणि डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंगांना अटक झाली. फौज मोडल्यासारखीच झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळेच कैदी फौजेत गेले नाहीत. ब्रिटिशांना दिलेली शपथ मोडायची नाही म्हणून, किंवा जपानवर विश्वास नाही म्हणून, हजारो जण बाहेर राहिले. त्यातल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला पाठवलं आणि त्यांचे अतोनात हाल झाले. दोन्ही बाजूंना हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते. त्यामुळे अमुक धर्माचे लोक गेले आणि अमुक धर्माचे गेले नाहीत, असा हिशेब मांडणं चुकीचं आहे.

नेताजी येतात

८ फेब्रुवारी १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस जर्मनीतल्या कील बंदरातून पाणबुडीने निघाले. सोबत एकच हिंदी माणूस होता, हैदराबादचे आबिद हसन. मादागास्करजवळच्या समुद्रात दोघे जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले. युद्ध चालू असताना, खवळलेल्या पाण्यात केलेला हा बदल आजही थक्क करतो.

जुलै १९४३ मध्ये सिंगापुरात रासबिहारी बोस यांनी चळवळीची सूत्रं नेताजींकडे सोपवली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं. या सरकारात लष्कराचे ८ प्रतिनिधी होते: अझीझ अहमद, एन. एस. भगत, जगन्नाथराव भोसले, गुलझारा सिंग, मोहम्मद झमान कियानी, ए. डी. लोगनाथन, एहसान कादिर आणि शाहनवाज खान. आठांपैकी चार मुसलमान. कुणाला कोटा म्हणून घेतलं नव्हतं. ते फौजेतले ज्येष्ठ अधिकारी होते, म्हणून तिथे होते.

आता फौजेत फक्त जुने सैनिक राहिले नाहीत. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून असे हजारो सामान्य लोक भरती झाले. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता, असेही त्यांत होते. डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली बायकांची झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली.

चूल एक, भाषा एक

ब्रिटिशांच्या फौजेत सैनिक धर्म आणि जातीनुसार वेगवेगळ्या कंपन्यांत असायचे. जेवण वेगळं, पंगत वेगळी. आझाद हिंद फौजेने ही पद्धत बदलली. स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र. हुकूम आणि बोलणं हिंदुस्थानीत, आणि लिहायला रोमन लिपी, म्हणजे उर्दू की नागरी हा वादच नको. फौजेचं ब्रीद तीन शब्दांचं होतं: इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी. म्हणजे एकी, विश्वास आणि त्याग.

एकमेकांना भेटल्यावर काय म्हणायचं, हाही प्रश्न होता. राम राम, सलाम आणि सत श्री अकाल या सगळ्यांच्या जागी सर्वांना आपलं वाटेल असं अभिवादन हवं होतं. 'जय हिंद' हे अभिवादन सुचवण्याचं श्रेय आबिद हसन यांना दिलं जातं. फौजेच्या हिंदुस्थानी राष्ट्रगीताच्या शब्दरचनेतही त्यांचा हात होता. त्यांच्या 'सफरानी' या नावाचीही एक गोष्ट सांगितली जाते. झेंड्याच्या रंगावरून हिंदू आणि मुसलमान सैनिकांत वाद झाला, हिंदू सैनिकांनी भगव्याचा हट्ट सोडला, तेव्हा त्याची कदर म्हणून आबिद हसन यांनी केशराचा रंग आपल्या नावात घेतला.

सिंगापूरच्या चेट्टियार मंदिराचा प्रसंगही असाच. मंदिराच्या विश्वस्तांनी नेताजींना बोलावलं. सगळ्या जाती-धर्मांच्या सहकाऱ्यांना प्रवेश असेल तरच येईन, असं त्यांनी कळवलं. विश्वस्तांनी ते मान्य केलं आणि नेताजींसोबत मुसलमान अधिकारीही मंदिरात गेले.

रंगूनमध्ये शेवटचे मुघल बादशहा बहादूरशाह जफर यांची मजार आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी त्यांना तिथे हद्दपार केलं होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये फौजेने तिथे संचलन करून मानवंदना दिली. १८५७ चं अर्धवट राहिलेलं काम आपण पुढे नेतोय, असा त्याचा अर्थ होता.

पैसा कुठून आला, हेही पाहायला हवं. फौजेला मोठा आधार आग्नेय आशियातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी आणि मजुरांनी दिला. रंगूनचे मेमन व्यापारी अब्दुल हबीब युसूफ मरफानी यांनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता, सुमारे १ कोटी रुपये किमतीची, देऊन टाकली. त्यांना 'सेवक-ए-हिंद' हे पदक मिळालं. १९४४ मध्ये रंगूनला आझाद हिंद बँकही सुरू झाली.

आघाडीवर

फौजेच्या पहिल्या डिव्हिजनचे प्रमुख होते मोहम्मद झमान कियानी. तिच्यातल्या रेजिमेंटना नेत्यांची नावं होती. गांधी रेजिमेंटचं नेतृत्व इनायत कियानी यांच्याकडे होतं, आझाद रेजिमेंटचं गुलझारा सिंग यांच्याकडे. सुभाष रेजिमेंट शाहनवाज खान यांच्याकडे होती. आपल्या नावाने रेजिमेंट नको असं नेताजींचं म्हणणं होतं, पण सैनिकांनी ते नाव सोडलं नाही.

१९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने निघालं. त्याच्यासोबत आझाद हिंद फौजेच्या तुकड्या हिंदुस्थानच्या हद्दीत शिरल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपूरमधल्या मोइरांग इथे कर्नल शौकत अली मलिक यांनी तिरंगा फडकवला. आज तिथे फौजेचं स्मारक आणि संग्रहालय आहे.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे. विमानं नाहीत, जड तोफा नाहीत, रसद तुटलेली. मे महिन्यापासून पाऊस सुरू झाला. मलेरिया, हगवण आणि उपासमार यांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसं मारली. जुलैमध्ये माघारीचा हुकूम आला. चिखलातून, नद्या ओलांडत, आजारी सोबत्यांना आधार देत सैनिक परतले. कित्येकांची कबर नाही, कित्येकांची चिता झाली नाही. १९४५ मध्ये प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्या तुकड्या बर्मामध्ये पुन्हा लढल्या, पण युद्ध हातातून गेलं होतं. मे १९४५ पर्यंत रंगून ब्रिटिशांच्या ताब्यात आलं.

१८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमध्ये झालेल्या विमान अपघातात नेताजींसोबत होते कर्नल हबीबुर रहमान. ते भाजले, पण वाचले. सिंगापूर सोडताना नेताजींनी तिथल्या फौजेची जबाबदारी कियानींवर टाकली होती.

लाल किल्ला

पकडलेल्या सैनिकांची चौकशी करून ब्रिटिशांनी त्यांचे तीन गट पाडले: पांढरे, करडे आणि काळे. 'काळे' म्हणजे मनापासून फौजेत गेलेले. त्यांना नोकरीतून काढलं, थकलेला पगार जप्त केला.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात पहिला खटला सुरू झाला. आरोपी तीन: शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सरकारने तिघांना एकत्र उभं केलं आणि सगळा देश त्यांच्यामागे उभा राहिला. बचावाची मुख्य धुरा मुंबईचे वकील भुलाभाई देसाई यांनी उचलली. सोबत तेजबहादूर सप्रू, असफ अली, कैलाशनाथ काटजू होते. जवाहरलाल नेहरूंनी कित्येक वर्षांनी वकिलीचा झगा घातला. देसाईंचा मुद्दा असा की, गुलाम देशाच्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि ज्या सरकारला ९ देशांनी मान्यता दिली त्याची फौज म्हणजे बंडखोरांची टोळी नव्हे.

३ जानेवारी १९४६ रोजी निकाल आला. तिघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पण लोकांचा राग पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. फक्त बडतर्फी आणि पगारजप्ती कायम राहिली.

लाल किल्ल्यात कैदेत असलेल्या फौजेच्या सैनिकांना गांधीजी भेटायला गेले, तेव्हाचा प्रसंग आम्हाला या सगळ्या इतिहासाचं सार वाटतो. कैद्यांनी तक्रार केली की इथे 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' असा वेगवेगळा चहा देतात. मग तुम्ही काय करता, असं गांधीजींनी विचारलं. आम्ही दोन्ही एकत्र करतो आणि वाटून पितो, असं उत्तर आलं. फौज हरली होती, सैनिक कैदेत होते, पण एका चुलीची सवय सुटली नव्हती.

कोलकाता आणि मुंबई

दुसऱ्या एका खटल्यात कॅप्टन अब्दुल रशीद यांना ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याविरुद्ध कोलकाता पेटलं. विद्यार्थ्यांच्या मोर्चांत काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र दिसले.

त्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी संप केला. नावाला कारण होतं वाईट जेवण आणि अपमानाची वागणूक. पण मागण्यांमध्ये आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका हीही मागणी होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मुंबईच्या गिरणी कामगारांनी खलाशांना साथ दिली, आणि गोळीबारात शहरातले २०० हून अधिक लोक मारले गेले.

नंतर काय झालं

फाळणीने फौजेलाही वाटून टाकलं. कियानी आणि हबीबुर रहमान पाकिस्तानात गेले आणि १९४७ च्या काश्मीर संघर्षात ते त्या बाजूने उतरले. शाहनवाज खान यांचं गाव रावळपिंडी जिल्ह्यात होतं, तरी ते भारतात राहिले. मेरठमधून लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात मंत्री झाले, आणि नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या १९५६ च्या समितीचे अध्यक्ष झाले. आबिद हसन परराष्ट्र सेवेत गेले, राजदूत झाले. दोन्ही वाटांवर गेलेली माणसं एकाच फौजेची होती, आणि हा भाग लपवून इतिहास सांगता येत नाही.

महाराष्ट्राचा धागाही आहे. हंगामी सरकारात असलेले जनरल जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी भागातले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते आणि १९५४ मध्ये त्यांनी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. शाहनवाज आणि भोसले एकाच फलटणीच्या इतिहासात शेजारी शेजारी उभे आहेत, हे आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितलं जातं.

साध्या सैनिकांच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. स्वतंत्र भारतानेही त्यांना पुन्हा लष्करात घेतलं नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रीय पेन्शन सुरू झाली, तोवर कितीतरी जण गेले होते. जे होते त्यांच्यापैकी अनेकांकडे पुरावा म्हणून दाखवायला कागद नव्हता. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी नव्वदी ओलांडलेले ४ माजी सैनिक राजपथावरच्या संचलनात सहभागी झाले.

वाचकांना आमची विनंती एवढीच. तुमच्या घरात कुणी आजोबा, पणजोबा बर्मा, मलाया, सिंगापूरला नोकरीला किंवा लढाईला गेले होते का, ते विचारा. जुनं डिस्चार्जचं कागदपत्र, पेन्शनचं पुस्तक, पदक किंवा पत्र मिळालं तर फेकू नका, त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फौजेची कागदपत्रं आहेत, तिथे पडताळणी करता येते. आणि पुढच्या वेळी ती यादी मोबाईलवर आली, तर फक्त मुसलमान नावं पुढे पाठवू नका. शाहनवाज यांच्यासोबत सहगल आणि धिल्लन यांची नावंही लिहा. ते तिघे एकत्रच उभे होते.