१८४ अब्ज नाणी आणि पहिल्या नोडचा तापलेला संगणक (थ्रेड)

बिटकॉइनच्या साखळीतील पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. त्यानंतर सहाच दिवसांनी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या अज्ञात निर्मात्याने आपले सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. ते चालवून पाहणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत कॅलिफोर्नियातील संगणकतज्ज्ञ हॅल फिनी होते. १२ जानेवारीला सातोशीने त्यांना १० बिटकॉइन पाठवले. हा व्यवहार १७० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये नोंदला गेला. मात्र संगणक तापतो आणि पंख्याचा आवाज त्रास देतो, म्हणून फिनी यांनी थोड्याच दिवसांत तो कार्यक्रम बंद केला!

बँकेची खातेवही बँकेपाशीच असते. नोड चालवणारा मात्र ती आपल्या संगणकावर पडताळतो आणि नियमात न बसणारी नोंद नाकारतो.

या अधिकाराची कसोटी १५ ऑगस्ट २०१० रोजी लागली. ७४६३८ व्या ब्लॉकमध्ये कोणीतरी इतक्या प्रचंड रकमा लिहिल्या, की त्यांची बेरीज संगणकाच्या मोजमापाबाहेर गेली आणि उत्तर ऋण आले. साहजिकच तपासणी फसली. ज्या चलनाची कमाल मर्यादा २ कोटी १० लाख, त्यात १८४ अब्जांहून अधिक नाणी एका फटक्यात अवतरली, आणि नोडांनी ती स्वीकारलीही, कारण सदोष नियम सर्वांकडे एकच होता. दुरुस्त आवृत्ती काही तासांत आली; परंतु ती कोणावरही लादता येत नव्हती. लोकांनी ती आपापल्या यंत्रांवर बसवली, खोटा ब्लॉक नाकारला, आणि निर्दोष साखळी हळूहळू लांबीने पुढे गेली. मध्यवर्ती सत्ता नसण्याचा अर्थ त्या रात्री जितका स्पष्ट झाला, तितका कोणत्याही घोषणेने झाला नसता.

आज शिकण्यासाठी नोड उभारणाऱ्याला खऱ्या पैशाची गरज नाही. टेस्टनेटवरील नाण्यांना मोल नसते. रेगटेस्टमध्ये तर आपल्याच संगणकावर, हुकूम देताच ब्लॉक तयार होतो. खरी साखळी साठवायला मात्र शेकडो जीबी जागा लागते. प्रूनिंग केल्यास तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात आणि थोडक्यात भागते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बिटकॉइन कोअर फार जुन्या व्यवहारांच्या स्वाक्षऱ्यांची तपासणी सहसा वगळतो; ती हवी असल्यास सेटिंग बदलावे लागते.

असा नोड २००९ पासून मोजणी सुरू करतो. फिनी यांचे १० बिटकॉइन १७० व्या ब्लॉकमध्ये सापडतात. ७४६३८ या क्रमांकावर मात्र दुसराच ब्लॉक आहे.